लाडवांचा आळ

चि. शिवानीस आईचे अनेक आशीर्वाद.

जावयांची कंबर कशी आहे? मितेशचा खोकला गेला का? विहीणबाईंना आता जिना चढवतो का?

माझी साखर पुन्हा वाढली. घरात सगळ्यांना वाटतं, मी चोरून लाडू खाते. सूनबाईने डबा वरच्या फळीवर ठेवलाय. परवा शेजारून पूजेचा प्रसाद आला, तर आपला संदेश म्हणाला, "आई, तुझ्या वाटणीचा शिरा मी खातो, तू नुसता नमस्कार कर." सगळे हसले, मीही हसले.

खरं सांगू? लाडू खावा एवढीही इच्छा उरली नाही गं. सकाळी उठावंसं वाटत नाही. गोळी हातात घेते नि परत ठेवून देते. डॉक्टर म्हणाले, "आजी, मन खचलं की साखरही वाढते. घरी सांगा." मी सांगितलं नाही. खादाड म्हटलेलं चालतं. उगाचच रडू येतं, हे सुनेला कोणत्या तोंडाने सांगू?

खाली उतरायचं बळ आलं की हे पत्र पेटीत टाकेन. उत्तर लवकर लिही. फोन नको करूस; फोनवर मी 'बरी आहे' असंच म्हणेन.

तुझी आई
बाळकुम, ठाणे