पियूषच्या नावाचा हॉल

३ फेब्रुवारी २०२५

ते आजही आले. इतवारीतलं भांड्यांचं दुकान नोकरांवर टाकून, भर चारच्या गिऱ्हाइकीत. चपला दाराबाहेर काढल्या — थिएटरात कुणी चपला काढत नाही, हे काढतात — आणि सरळ मागच्या जिन्यानं लाइटच्या खोलीत. पियूष बसायचा त्याच स्टुलावर बसले. कोणतं बटण कशाचं ते मला दाखवायला लावलं. मग एकेक वर करून पाहत बसले. खाली रिकाम्या स्टेजवर उजेड यायचा, जायचा.

"पुरा वेळ इथंच राहे का तो?" म्हणाले. हो म्हटलं. "स्टेजवर कधीच नाही?" नाही म्हटलं. ते ऐकून त्यांना बरं वाटलं की वाईट, कळलं नाही.

मारोतराव पियूषचे वडील. आणि मी त्यांच्या लेखी नाट्यकेंद्राच्या ऑफिसातली वेदिका — बुकिंग करणारी, तिकिटं फाडणारी, आल्यागेल्याला पाणी देणारी. आम्ही लग्न करणार होतो हे कुणालाच ठाऊक नाही. तो सत्तावीसचा, मी एकतीसची. माझा एक संसार मोडलेला. जात दुसरी. दिवाळी होऊ दे, मग घरी सांगतो, म्हणत होता. मीच म्हणायचे, घाई नको. कोजागिरीच्या आदल्या संध्याकाळी दुकानातून इकडे यायला निघाला आणि सी.ए. रोडवर ट्रकनं उडवलं.

त्यांच्या घरी केंद्रातले सगळे गेलो होतो. मी हिमानीच्या बाजूला उभी. इतरांएवढीच रडले. जपून रडावं लागलं.

५ फेब्रुवारी

आज आले नाहीत. बरं वाटलं. बरं वाटलं याचं मग दिवसभर वाईट वाटलं.

९ फेब्रुवारी

सौरवदादांनी सगळ्यांना बोलावलं. दादा केंद्र चालवतात, एरवी काळजीत असतात, पण त्यांचा चेहरा आज लग्नघरातल्यासारखा होता. मारोतराव आख्खा हॉल नवा करून देणार. पत्रे, खुर्च्या, पडदा, एसीसुद्धा. मागच्या उन्हाळ्यात कूलरच्या घरघरीत नटांचा आवाज दुसऱ्या रांगेतही पोचत नव्हता, त्यामुळे सगळे खूश. बदल्यात एकच — हॉलला पियूषचं नाव.

हिमानीनं टाळी वाजवली, मग तिचं तिलाच कसंतरी झालं, हात मांडीवर ठेवले. विक्की मात्र बोलला. तो कॉलेजात असल्यापासून इथं नाटकं करतो. म्हणे, पियूष चांगला होता, पण चार-पाच वर्षं दिवे लावले म्हणून हॉलला नाव? मग आम्ही काय करून राहिलो इतकी वर्षं? दादा म्हणाले, तुझे बाबा देतात का एसी? विक्की उठून गेला.

मला विक्कीचा राग आला नाही. पियूष स्वतःच हसला असता. त्याला पडदा पडल्यावर टाळ्यांच्या वेळी बोलावलं तरी तो खाली यायचा नाही.

पाटीवरचा मजकूर मी लिहायचा. तुझं मराठी चांगलं आहे, दादा म्हणाले.

१२ फेब्रुवारी

तसबिरीसाठी फोटो हवाय. ग्रूपवर दादांनी मागितला. माझ्या फोनमध्ये कितीतरी आहेत. एकही देता येत नाही. प्रत्येकात तो फोटो काढणारीकडे बघतोय, आणि कसा बघतोय ते कुणालाही कळेल. शेवटी हिमानीनं वार्षिक कार्यक्रमातला दिला. त्यात तो वायर गुंडाळतोय, डोळे अर्धे मिटलेले. तोच मोठा करून लागणार.

१८ फेब्रुवारी

मारोतराव आता रोज येतात आणि एकेकाला बाजूला घेऊन बोलतात. पियूष काय खायचा, कुणाच्या गाडीवर जायचा, कुणाशी जास्त बोलायचा. सगळे सांगतात. दुःखातला माणूस, आणि वरून दाता. कोण नाही म्हणणार?

आज हिमानी ऑफिसात येऊन दार लोटून बसली. ती इथं मुलांची नाटकं बसवते, एक रुपया न घेता, बँकेतली नोकरी सांभाळून. तिला त्यांनी विचारलं, तुझं लग्न ठरलं होतं का अगोदर? मग म्हणे, पियूषनं तुले काही देल्लं होतं का? तिला विचित्र वाटलं. तिचा साखरपुडा पुढच्या महिन्यात आहे. दादांना सांगितलं तर ते म्हणाले, सहन कर थोडं, खुर्च्यांची ऑर्डर गेली आहे.

मी तिला पाणी दिलं. मारोतराव काहीतरी शोधताहेत.

२२ फेब्रुवारी

आज कळलं.

दुपारी कुणी नव्हतं. ते ऑफिसात आले, समोर बसले. चहा मागवला. कप हातात धरून बसले आणि कुठूनही सुरुवात न करता बोलायला लागले.

"त्या दिवशी दुपारी आमचं वाजलं, बेटा. जेवता जेवता म्हणे, बाबा, एक पोरगी हाये, केंद्रातली. मी तिच्याशीच लगन करतो. पुढचं मी ऐकूनच नाही घेतलं. म्हटलं, नाटकवाली आणाची असन तर तू बी नको येऊ घरी." कप खाली ठेवला. "अन् तो नाहीच आला."

मी टेबलाकडे बघत होते. दिवाळीनंतर सांगणार होता ना? त्या दिवशीच काय झालं त्याला? मला फोनसुद्धा केला नाही. मला भेटायला, तेच सांगायला येत होता का?

ते पुढे बोलतच होते. हा हॉल, हे नाव, हे रोजचं येणं — सगळं त्या मुलीसाठी. तिचा पत्ता लागावा म्हणून. कशाला, मी विचारलं.

"घरी नेतो तिले. त्याची खोली तशीच ठेवली हाये मी, चादर बी बदलू नाही देल्ली. तिनं तिथं राहावं. सून म्हणून राहावं. मी तिले जनमभर काही कमी पडू देणार नाही."

हे सगळं मायेनं म्हणत होते. इतक्या मायेनं की मला थंडी वाजली. आणि त्याच वेळी वाटलं, सांगून टाकावं. निदान एका माणसासमोर मोकळेपणी रडता येईल.

मी विचारलं, चहात साखर कमी आहे का.

२३ फेब्रुवारी

सुटी टाकली. आईला डोकं दुखतंय सांगितलं. तिनं बाम लावून दिला. डोळ्यांची आग होतेय म्हणून रडता आलं.

१ मार्च

काल मारोतरावांनी हिमानीच्या घरी साडी पाठवली. नारळ, बांगड्या, मिठाई, आणि सोबत दुकानातला माणूस, पियूषच्या होणाऱ्या बायकोसाठी आहे असा निरोप घेऊन. त्यांनी आपल्या मनाशी ठरवूनच टाकलंय की ती हिमानीच. हिमानीच्या होणाऱ्या सासूबाई नेमक्या घरी बसलेल्या. मग काय व्हायचं ते झालं. तिकडून निरोप आला — साखरपुड्याचं जरा थांबू.

ती आली तेव्हा रडत नव्हती, तेच जास्त वाईट. मुलांच्या मुखवट्यांची पेटी उचलून माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "मी यापुढे येणार नाही. वेदिका, तू तर रोज इथं असतेस. कोण होती गं ती?"

मला माहीत नाही, म्हणाले.

१५ मार्च

धुळवड झाली. हॉलमध्ये मजूर रंगाचे डबे घेऊन फिरताहेत. संध्याकाळी मुलं येतात, हिमानीताई नाही म्हणून परत जातात. विक्कीही येत नाही. दादा पत्रिका वाटायला धावताहेत. पाडव्याला उद्‌घाटन. नवा हॉल तयार होतोय आणि आतली माणसं एकेक करून जाताहेत. मारोतरावांना यातलं काही दिसत नाही. हिमानीकडून साडी परत आली तर म्हणाले, लाजते बिचारी.

पाटीचा मजकूर दिला. नाव, जन्म, मृत्यू. त्याखाली एक ओळ लिहून खोडली, दुसरी लिहून खोडली. शेवटी तेवढाच दिला. दादा म्हणाले, फारच कोरडं झालं.

३० मार्च, पाडवा

झालं उद्‌घाटन.

लाइटवर बसायला कुणीच नव्हतं म्हणून मी बसले. वरून सगळं दिसत होतं. तसबिरीतला पियूष, वायर गुंडाळणारा, गळ्यात हार. पहिल्या रांगेत इतवारीचे व्यापारी. मारोतरावांशेजारची खुर्ची रिकामी. कौशल्याबाई, त्याची आई, त्या दिवसापासून घराबाहेरच पडत नाहीत म्हणे.

मारोतराव माईकसमोर उभे राहिले. लिहून आणलेलं वाचलंच नाही. म्हणाले, "माया पोराची कोणी इथं असन, तं तिनं एकदा भेटावं. मी हात जोडतो." आणि खरंच हात जोडून उभे राहिले. लोकांना काही समजेना. दादा पुढे होऊन त्यांना धरून खाली घेऊन आले. मला त्यांच्यावरचा दिवा कमी करायचा होता, हात उचलेचना. तो म्हातारा माणूस भर उजेडात तसाच हात जोडून चालत गेला.

आता नाही सहन होत. त्यांचं नाही, हिमानीचंही नाही. उद्या सांगते. त्या खोलीत राहायचं तर राहीन. नाहीतरी कुठे राहतेय मी?

३१ मार्च

मारोतरावांची वाट बघत होते. आल्या कौशल्याबाई. एकट्या, ऑटोनं. ठेंगण्या, डोक्यावर पदर. नाव सांगितलं तेव्हा कळलं. ऑफिसचं दार त्यांनीच लावलं.

"त्यानं मले तुया फोटो दाखवला होता, दसऱ्याले. मले पसंत होती तू," म्हणाल्या. "ह्यांले नाही सांगितलं मी. तू बी नको सांगू. हे तुले त्या खोलीत नेऊन बसवतीन, अन् तू बसशीन. दिसून राहिलं मले तुया तोंडावर. मी बसली हावो तिथं, तेवढं पुरे."

हिमानीच्या घरी सकाळीच जाऊन आल्या होत्या. तिच्या होणाऱ्या सासरीही जाऊन सांगितलं, ही पोरगी ती नव्हती. मला म्हणाल्या, इथली नोकरीही सोड, दुसरीकडे जा.

मी पाया पडायला वाकले. त्यांनी दोन्ही खांदे धरून मला मधेच थांबवलं.

"नको पडू वं. पाया पडली का नातं लागते."