अडथळ्याच्या पदावरील माझी नेमणूक

चि. धाकट्या बहिणीस थोरल्या भावाचे आशीर्वाद.

येथे माझा डावा गुडघा वगळता सर्वांचे उत्तम आहे. तुझ्या दम्याचे सविस्तर कळवावे (पूर्ण वाक्यांत, मागील पत्रात तू क्रियापदांची फारच काटकसर केली होतीस).

पत्रास कारण, तुझे उपकार. तुझ्या शब्दाखातर तुझ्या जुन्या विद्यार्थिनीने मला आपल्या प्रयोगशाळेत घेतले, त्यास सोमवारी महिना होईल, आणि मला ठेवायचे की नाही हे त्याच दिवशी ठरेल. दोन पायांवर चालणारे यंत्रमानव तेथे वाटेतले अडथळे ओळखून वळसा घालायला शिकतात. खुर्ची, बादली, अर्धवट उघडे दार आणि मी, असे आम्ही चौघे अडथळे आहोत. चाळीस वर्षे मुद्रितशोधन केलेल्या माणसाला हे शोभते का, असे चिरंजीवांनी विचारले. मी म्हटले, घरात हेच काम मी निवृत्तीपासून करीत आहे. सूनबाई दिवसातून दहा वेळा "बाबा, जरा पाय जवळ घ्या" म्हणते. तेथे पाय पसरल्याबद्दल आभार मानतात.

परंतु पहिल्याच आठवड्यात घोटाळा झाला. समोरून कोणी आले की उठून वाट द्यावी, हे वडिलांनी आपल्याला (छडीच्या साहाय्याने) शिकवलेले. ज्याला सगळे बुटक्या म्हणतात तो यंत्रमानव जपून पावले टाकीत येई, आणि मी उठून भिंतीला चिकटे. "काका, उठू नका ना. तुम्ही खुर्ची आहात असं समजा," असे तुझी विद्यार्थिनी विनवी. मी मान डोलावी आणि पुन्हा उठे. परिणामी, वळसा बादलीला घालावा, माणूस आपणहून बाजूला होतो, असा बुटक्याचा ग्रह झाला, आणि पाहणीस आलेल्या संचालकांवर तो सरळ चालून गेला. संचालक बादलीत बसले.

माझी गच्छंती अटळ होती. तेव्हा त्या गुणी मुलीने माझ्या हाती संस्थेचे माहितीपत्रक आणि लाल पेन्सिल दिली. पहिल्या पानावरच असे काही सापडले की पुढचे तीन तास मला शुद्ध राहिली नाही. तेवढ्या अवधीत बुटक्याने मला, स्पर्शही न करता, एकतीस वळसे घातले. संचालकांनी स्वतः मोजले (उभ्याने).

ताई म्हणावे इतकी तू मला आज मोठी वाटतेस. मी कोठे बसलो आहे हे नीट पाहून मगच पाऊल टाकणारा गेल्या कित्येक वर्षांत मला कोणी भेटला नव्हता. सकाळी मी घाईने बूट घालतो, ह्याचे घरात सर्वांना नवल वाटते.

तुझा ऋणी,
थोरला

ता. क. सोमवारपूर्वी तुझी विद्यार्थिनी तुला दूरध्वनी करील. ह्या कामास वयाची मर्यादा सत्तर आहे. मी अठ्ठ्याहत्तरचा असलो तरी अर्जात अडुसष्ट लिहिले आहे. बाई खोटे बोलत नाहीत, अशी तिची श्रद्धा असल्यामुळे तू नुसते "हो" म्हटलेस तरी पुरे.

आणखी एक. तू माझ्याहून चार वर्षांनी धाकटी हे मी तिला बोलून बसलो आहे, तेव्हा तुला चौसष्टची व्हावे लागेल. तुझ्या निवृत्तीस सोळा वर्षे झाली हेही तिला ठाऊक आहे. ते कसे जुळवायचे ते तू पाहा; गणित तू शिकवीत होतीस.