कॅमेऱ्यावरचा ओला दुपट्टा

मंगळवार, संध्याकाळ. बार्शीटाकळी.

अजून तो हातच डोळ्यांपुढे येतोय.

आज कलाबाईंचा शॉट होता. सिनेमातलं शेत त्यांचंच, त्यातून त्यांनी नुसतं चालत यायचं. समोर माणसं असली की त्या लाजतात. म्हणून कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीत कॅमेरा एकटाच ठेवला आणि आम्ही सगळे लांब, निंबाखाली. तिथून वायरलेसवर तो फिरवायचं काम माझं. पडद्यावर कलाबाई झळांमध्ये हलत होत्या, पाण्यातून चालत आल्यासारख्या. मग एकदम जवळ आल्या, हात पुढे केला, तळवा पडद्याएवढा झाला आणि चित्र गोठलं. सिग्नल गेला.

डायरेक्टर ओरडला. मी पळत गेले. कॅमेऱ्यावर, अँटेनासकट, ओला दुपट्टा! ओल्या कापडातून सिग्नल कसा येणार?

"काहाले टाकला हा, मावशी?"

"एकलाच उन्हात उभा होता थो. ऊन लागलं असतं न त्याले."

चिडायचं होतं, जमलं नाही. शेजारी त्यांची पाण्याची बाटली रिकामी पडलेली. गावात टँकर परवा येणार. आणि हे पाणी त्यांनी यंत्रावर...?

शॉट उद्या पुन्हा घेऊ. ते गोठलेलं चित्र मात्र मी ठेवलंय. तापलेल्या लेकराच्या कपाळाकडे यावा, तसा तो हात. खरं सांगू का, चित्र गेलं तेव्हा मलाच कपाळाला गार लागलं होतं. दुपट्टा तर मी तोवर पाहिलाही नव्हता.