निळ्या पेन्सिलीतलं माहेर

अहो मास्तर,

तुमच्या जिवंतपणी मी तुम्हाला एक पत्र लिहिलं नाही. गरजच काय होती? एका घरात राहून जे बोलायचं ते मी तोंडावर बोलले, आणि तुम्ही ते ऐकून रविवारच्या पेपरात छापलंत. पण परवापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाहीये. मला भांडायचंय, आणि भांडायचंय ते तुमच्याशीच. तुम्ही बसलात फोटोत हार घालून, गालातल्या गालात हसत. म्हणून कागद घेतला.

परवा तुमच्या ‘रंगराव आणि मंडळी’ला पन्नास वर्षं झाली. पेपरवाल्यांनी मोठा कार्यक्रम केला. दर रविवारी छापून आलेली तुमची तीन चौकटींची चित्रं, म्हणजे तुम्ही हातानं काढलेले मूळ कागद, छापखान्याच्या कपाटात पडून होते ते बाहेर काढले आणि दरवाजाएवढे मोठे करून हॉलभर लावले. सुधीरनं शेंद्र्याच्या कंपनीतून सुट्टी काढली. मी म्हणले होते, मला नाही यायचं, त्या मंजुळेला बघायला मी कशाला येऊ? तर म्हणतो कसा, “आई, बाबांसाठी चल. तोंड वाकडं करून चल, पण चल.” गेले मग, तोंड वाकडं करूनच.

खरं सांगते, मंजुळा मला कधीच आवडली नाही. रंगरावाची ती जाडी, सदा कंबरेवर हात ठेवून ओरडणारी बायको! सगळं शहर समजायचं ती मीच. गुलमंडीवर बांगड्या भरायला गेले तर कासार विचारायचा, “काय मंजुळाबाई, आज मास्तरांची किती हजेरी घेतली?” तुम्ही शाळेत चित्रकला शिकवायचात, म्हणून तुम्ही सगळ्यांचे मास्तर. आणि मी? मी मंजुळा. माझं सुशीला नाव रेशनकार्डावर तेवढं राहिलं.

पण खरा राग तो नव्हता, आणि ते तुम्हालाही ठाऊक होतं. ठकू गेली, आपली पहिली. दोन वर्षांची होत आली होती, तापाचं निमित्त झालं आणि गेली. तिला जाऊन वर्ष पुरं होतं न होतं तोच तुम्ही विनोद काढायला बसलात! लोक पेपर उघडून खदाखदा हसायचे आणि मी मोरीत जाऊन रडायची. त्यानंतर तुम्ही तिचं नाव काढलं नाहीत. सुधीर झाला तेव्हा नाही, तुमच्या शेवटच्या आजारपणातही नाही. दगड आहे हा माणूस, असं मी म्हणायची. मनात नाही, चांगलं तोंडावर म्हणायची. तुम्ही चष्मा काढून पुसायचात आणि टेबलाकडं वळायचात.

तर हॉलमध्ये पेपरातली आयेशा भेटली. पानं लावायचं काम करते ती, तुमचा रविवारचा कागद शेवटची काही वर्षं तीच हातात घ्यायची. मला पाणी दिलं, खुर्ची दिली आणि इकडंतिकडं बघत विचारते, “काकू, ताई नहीं आई क्या?”

“कोण ताई?”

“अरे, तुमची मुलगी.”

मी म्हणले, “मला एकुलता एक मुलगा आहे बाई. हा काय उभा.”

ती गोंधळली. “फिर वो कौन है? सगळ्या चित्रांत आहे ना. मला वाटलं सरांनी मुलीला बघून काढलंय.”

“कुठल्या चित्रांत?”

तिनं माझा हात धरला आणि भिंतीपाशी नेलं. मास्तर, काय सांगू! पायाखालची जमीन सरकणं म्हणतात ना, ते मला या वयात कळलं.

तुमची निळी पेन्सिल मला ठाऊक नव्हती असं नाही. तुम्हीच सांगितलं होतं, आधी फिक्या निळ्यानं चित्र उभं करायचं आणि मग वरनं काळी शाई फिरवायची. छापखान्यातल्या कॅमेऱ्याला ते निळं दिसत नाही, फक्त काळं दिसतं, म्हणून खोडत बसायला नको. पैठण गेटच्या दुकानातून डबाच्या डबा आणायचात. पण त्या निळ्याचं तुम्ही काय करायचात, ते मी कशाला बघते? चहा घेऊन आले की तुम्ही कागदावर टिपकागद टाकायचात. मला वाटायचं, बसला असेल माझीच काहीतरी टिंगल काढत. मीही मान फिरवायची.

एरवी दर रविवारी कागद काळापांढरा स्कॅन व्हायचा, त्यात निळं गळून जायचं. या वेळी चित्रं मोठी करायची म्हणून आयेशानं ती रंगीत स्कॅन केली आणि रंग गडद केले. बिचारीला काय ठाऊक, ते निळं कुणाला दाखवायचं नसतं. ते सगळं निळं वर आलं. काळ्या शाईतले रंगराव-मंजुळा भांडायलेत, आणि त्यांच्या मधोमध, जिथं पेपरात नुसती मोकळी जागा दिसायची, तिथं एक लेकरू निळ्या रेघांत बसलंय. शाई न फिरवलेलं. पाय पसरून, अंगठा तोंडात घालून. आणि मास्तर, तिच्या एकाच पायात पैंजण!

ठकू एकच पैंजण ठेवायची. दुसरं काढून फेकायची, कितीदा घाला, फेकायचीच. तुम्ही म्हणायचात, राहू दे गं, तिला दोन्हींचा भार होतो. हे जगात फक्त तुम्हाला आणि मला ठाऊक होतं.

मी म्हणले, “आयेशा, दुसरं दाखव.” ती दाखवत गेली आणि मी बघत गेले. पोरगी मोठी होत होती! दाराच्या आड उभी. मंजुळेच्या पदराला धरून. मग दप्तर पाठीला, दोन वेण्या. रंगराव पेपर वाचतोय आणि ही त्याच्या खुर्चीमागून डोकावते. सायकल शिकते, पडते. उंची मंजुळेच्या खांद्याला लागली. परकर पोलकं, मग पंजाबी ड्रेस, हातात कॉलेजची वही. आणि प्रत्येक चित्रात तेवढं एकच पैंजण.

लोक विचारायचे, रंगरावाला मूलबाळ कसं नाही हो मास्तर? तुम्ही म्हणायचात, आहे की, ते बाहेर खेळायला गेलंय. सगळे हसायचे आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा!

पुढच्या चित्रापाशी आले आणि मी मोठ्यांदा ओरडलेच. सगळा हॉल वळून बघायला लागला. डोक्याला मुंडावळ्या, हातात हिरवा चुडा! निळाच होता म्हणा, पण मला हिरवा दिसला. लग्न? ठकूचं लग्न? मास्तर, माझ्या लेकीचं लग्न तुम्ही मला न विचारता लावलंत? ना बोलणी, ना याद्या, ना मला साधं बोलावणं! आणि जावई कसला शोधलात, तर काडीसारखा, चष्मेवाला, हुबेहूब तुमच्यासारखा! मला विचारलं असतं तर जरा धडधाकट बघितला असता की नाही?

आयेशा घाबरली. “काकू, बैठो ना.” मी म्हणले, गप गं, मला पुढचं बघू दे.

पुढच्या चित्रात ती नव्हती. त्याच्या पुढच्यातही नाही. ओळीनं कितीतरी चित्रांत नुसते रंगराव आणि मंजुळा. वाटलं, या माणसानं तिला दुसऱ्यांदा मारलं की काय! आणि मग पंचमीच्या चित्रात, झोक्यावर, आली! नंतर परत नाही. मग दिवाळीत आली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अहो, ती सासरी नांदत होती! तुम्ही तिला पंचमीला आणि दिवाळीला माहेरी आणायचात. मधल्या दिवसांत नाही. नांदत्या पोरीला उगाच कशाला आणायचं, व्हय ना?

सुधीर मागंच, एका जुन्या भाऊबीजेच्या चित्रापुढं थांबला होता. ठकू ओवाळतेय आणि पाटावर एक पोरगा बसलाय, पुढचा दात पडलेला, तोही निळाच. सुधीरला बहीण होती हे आत्याकडून कधीतरी कळलं होतं, तेवढंच. एवढा मिशावाला माणूस, रुमाल काढून नाक शिंकरायला लागला. म्हणाला, “हा मीच आहे गं आई. ती मला ओवाळायली.”

आणि एका हिवाळ्यात ती ओळीनं दर रविवारी आहे. पोट पुढं आलेलं. मग मांडीवर बाळ. म्हणजे पहिलं बाळंतपणही माहेरीच केलंत! आता मला आठवतंय, त्या हिवाळ्यात तुम्ही मला विचारलं होतं, “बाळंतिणीच्या लाडवात डिंक किती घालतात गं?” आणि मी फणकाऱ्यानं म्हणले होते, तुमच्या मंजुळेला विचारा. कशासाठी विचारतोय, एवढं तरी बोलायचं होतंत! सांगितलं असतं हो. अहो, करूनच दिले असते. नातू झाला की नात, हेही मला धड कळेना. दुपट्यात गुंडाळलंय.

इतकी वर्षं एका छपराखाली काढली आपण. तुम्ही टेबलाशी, मी चुलीशी. मी समजायची एकटी मीच तिला वाढवतेय, मनातल्या मनात. आज ती शाळेत गेली असती, आज तिचं लग्न झालं असतं. आणि तुम्ही माझ्यापासून चार हातांवर बसून तेच करत होतात! का नाही बोललात? मी ओरडेन म्हणून? ओरडले असते. मग रडले असते, मग तुमच्या शेजारी येऊन बसले असते. टिपकागद उचलून एकदा दाखवायचं तर होतं! मी तुम्हाला दगड म्हणायची आणि तुम्ही ऐकून घ्यायचात. याचा मला लई राग आलाय. माझा येतोय आणि तुमचाही.

संपादक आले तेव्हा मी शेवटच्या चित्रापुढं होते. मुलगाच म्हणायचा, पण बोलायला नम्र. म्हणाले, “काकू, माफ करा, हे कच्चं काम चुकून दिसतंय. पन्नास वर्षांचं पुस्तक काढतोय आपण, त्यात हे निळं सगळं साफ करून टाकू. कॉम्प्युटरवर एका मिनिटाचं काम आहे.”

मी मंजुळेसारखी कंबरेवर हात ठेवला. खरंच ठेवला! म्हणले, “खबरदार, एका रेघेला हात लावाल तर. ते कच्चं काम नाही. ती माझी लेक आहे.” संपादकांनी लगेच वहीत टिपून घेतलं. आयेशा रडत होती. पुस्तक निळ्यासकट निघणार आहे, मास्तर. तसं मी त्यांच्याकडून वदवून घेतलंय, आणि शेवटचा कागद मागून घरी आणलाय.

तो आता माझ्या पुढ्यात आहे. तुम्ही गेल्या वर्षी काढलेला, पंचमीच्या आधीचा. छापून आला तेव्हा त्यात एवढंच होतं, रंगराव छत्री घेऊन दारात उभा आणि मंजुळा ओरडतेय, “छत्री परत आणा, मागल्या खेपेला विसरलात!” लोकांना लई आवडला होता. पण निळ्यात पुढचा रस्ता काढलाय तुम्ही. रस्त्याच्या कडेला दगड, त्यावर ‘चितेगाव’. म्हणजे लांब नाही दिलीत, पैठण रोडलाच दिलीत. बरं केलंत. आणि रस्त्याच्या त्या टोकाला उंबऱ्यात ठकू उभी. केस जरा पांढरे झालेत तिचे. पिशवी भरून तयार, कपाळावर हात धरून बघतेय, न्यायला कोण येतंय.

तुम्ही निघाला होतात तिला आणायला. मुराळी म्हणून निघालात आणि पंचमी यायच्या आत तुम्हीच गेलात. पोरगी वर्षभर उंबऱ्यात उभी आहे हो! ती पंचमी गेली, दिवाळी गेली. कुणी आलं नाही तिला न्यायला. परवापासून घास उतरत नाही तो यासाठी.

तर ऐका. दोन दिवसांवर पंचमी आलीय. तुमच्या डब्यातली एक निळी पेन्सिल मी टोक करून ठेवलीय. मला चित्र येत नाही, माणूस काढला तर बाहुलं होतं, तुम्ही हसायचात. हसा. त्या रस्त्यावर, दगडाच्या जरा अलीकडं, मी एक बाई काढणार आहे. जाडी काढते, म्हणजे लांबून ओळखील ती. छत्री बरोबर घेते. पुरणाचे दिंड करते, झोका बांधते, सुधीरला सांगितलंय लवकर ये म्हणून. या पंचमीला मुराळी मी. आणि मी आहे तोवर तिची एक पंचमी, एक दिवाळी चुकू देणार नाही, हा माझा शब्द आहे तुम्हाला.

आणखी एक. तिनं फेकलेलं ते दुसरं पैंजण मी इतकी वर्षं हळदीच्या डब्यात जपून ठेवलंय. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही, म्हणजे आपण फिटंफाट. ते हातात घेऊन निघतेय. तिच्या पायात घालणार आहे.

काढून फेकील. फेकू दे.

तुमची,
ठकूची आई