आबा माझ्या मागे बसले

गुरुवार, ५ एप्रिल १९७९

आज पहिल्यांदा ह्यांना मागे बसवून मोटारसायकल चालवली. भोसरीतल्या कंपन्यांना गुरुवारची सुट्टी, त्यामुळे दुपारी एमआयडीसीच्या रस्त्यांवर कुत्रंही फिरत नाही. तिथंच दिवाळीपासून आमची शाळा चालू आहे. निमित्त पैजेचं. मी म्हटलं होतं, गाडी चालवण्यात काय एवढं. आज पार शेवटच्या गेटापर्यंत नेऊन वळवून आणली, तर उतरून म्हणाले, "जमलं की राव तुला." लग्नाच्या बायकोला राव. मला मात्र फार बरं वाटलं.

घरी कुणाला माहीत नाही. बाजाराला जातो सांगून निघतो, म्हणून येताना भाजी आणावी लागते. आज परत वांगी. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, पिशवीत डोकावून म्हणाल्या, "भोसरीत गुरवारी वांगीच पिकत्यात व्हय?"

रविवार, ८ एप्रिल

पत्रिका छापून आल्या. शैलाचं, माझ्या धाकट्या नणंदेचं लग्न २९ला, दारातच. सगळं ठरलंय, अडलंय ते मामांपाशी.

नवरीच्या मागे मामा उभा लागतो. शैलाला सख्खा मामा एकच, आत्याबाईंचे भाऊ, पाईटचे खंडूमामा. ते आमच्या लग्नापासून या घराची पायरी चढलेले नाहीत. झालं होतं असं की फेटे बांधायच्या वेळी लाउडस्पीकरवर पहिलं नाव घेतलं ह्यांच्या कंपनीतल्या साहेबांचं. मग दुसऱ्या साहेबांचं. मग मामांचं. साहेबांना फेट्याचं काय, उकडलं तसा काढून गाडीत टाकला. मामा पंगतीतून भरलं ताट सोडून उठले ते गेलेच. मी मुंडावळ्या बांधून खाली मान घालून बसलेले, मला त्यांचा चेहराही दिसला नाही. पण त्या दिवसाची नवरी मी, म्हणून ते ताट माझ्या नावावर राहिलंय असं मला वाटत आलंय.

तेव्हापासून आत्याबाई भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात. भाऊ असून.

पत्रिका पोस्टाने धाडून चालत नाही. घरच्या कर्त्याने दारात जाऊन अक्षता हातात ठेवायच्या. आबांनाच, म्हणजे सासऱ्यांनाच, जावं लागणार. ते कधी कुणापुढे नमत नाहीत, पण लेकीसाठी कबूल झालेत. १९च्या गुरुवारी हे त्यांना गाडीवर नेतील.

रविवार, १५ एप्रिल

जत्रेत कबड्डी. ह्यांना कुणी घ्यायला तयार नव्हतं, हेच शड्डू ठोकत आत गेले. पहिल्याच चढाईत उजवं मनगट मोडलं. प्लास्टर. वय पस्तिशीला टेकलंय. मी नुसतं बघितलं तरी मान खाली घालतात.

गुरुवारचं काय?

मंगळवार, १७ एप्रिल

आज घरात तमाशा.

पाईटला एस.टी. मुक्कामाची, संध्याकाळी जाते आणि सकाळी येते. वाटेतल्या दोन घरांची आमंत्रणं तशीच राहतात, आणि मामांकडे काय होईल याचा भरवसा नसताना मुक्काम कुठे करायचा. ह्यांच्या चुलत्यांकडे जीप आहे, पण त्यांच्याशी बांधाचा वाद. आबा म्हणाले, त्यांच्या दारात जीप मागण्यापेक्षा चालत जाईन. तेवढ्यात हे बोलून गेले, "आबा, ही नेईल तुम्हाला. हिला येते गाडी."

आधी कुणाला कळलंच नाही. मग शैला हसायला लागली. मग आबा. पण त्यांचं हसणं मध्येच थांबलं. "सुनंच्या मागं बसून सोयऱ्याच्या दारात जाऊ? त्यापरीस मामा न्हाई आला तरी चालंल."

आत्याबाई भाकरी थापत होत्या. तवा उतरवून म्हणाल्या, "तुमाला चालंल. मला न्हाई चालणार."

एवढंच. भाकरी थापायच्या राहिल्या. आबा न जेवता गोठ्याकडे गेले.

बुधवार, १८ एप्रिल

सकाळी आबांनी फेटा धुवायला टाकला. म्हणजे जायचं.

आता नेसायचं काय. पाचवारीत पाय टाकून बसता येत नाही, शिकताना मी ह्यांची जुनी पॅन्ट साडीखाली घालायची. आत्याबाईंनी ट्रंकेतून त्यांचं हिरवं नऊवारी काढलं आणि मला उभं करून स्वतः नेसवलं. कासोटा असा ओढला की पोटात श्वास राहीना. म्हणाल्या, यात भात लावलाय मी, झाडावर चढलेय, फटफटी काय मोठी.

दुसरा प्रश्न त्यांनीच सोडवला. सासऱ्याने सुनेला धरून कसं बसायचं? तर मध्ये अक्षता-पत्रिकांची पिशवी, वर घोंगडीची घडी. आबांनी मागचं कॅरिअर धरायचं. आणि पदर? डोक्यावरून घेऊन मानेमागे गाठ.

आरशात बघितलं. बरी दिसत होते.

गुरुवार, १९ एप्रिल

जेवायच्या आधी लिहायला बसलेय, नाहीतर निम्मं विसरेन.

उजाडता निघालो. हे प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून गल्लीच्या तोंडापर्यंत आले. क्लच सावकाश सोड, उताराला गिअर काढू नकोस, हजार सूचना. लायसनचं विचारलं तर म्हणाले, आडरस्त्याला कोण बघतंय. आमच्या रहाटणीतून बाहेर पडेपर्यंत आबांनी फेट्याचा शेव तोंडावर घेतला होता. चोरून आणलेल्या माणसासारखे बसले होते.

मोशीला आबांचे चुलतभाऊ. वेशीच्या अलीकडेच म्हणाले, "हितं थांबीव. मी चालत जाऊन येतो." मी चिंचेखाली गाडी धरून उभी. शाळेतली पोरं गोळा झाली, मी एकेकाला हॉर्न वाजवू दिला. आबा आले आणि मागे बसले.

चाकणला कांद्याच्या बैलगाड्यांनी रस्ता भरलेला. एक गाडीवान मला बघता बघता इतका वळला की बैलांनी गाडी चारीत घातली. मागून खुसखुस ऐकू आली. आबा हसले असावेत. विचारायची टाप नव्हती.

चाकणहून आत वळलो आणि डांबर संपलं. पुढे खडी, फुफाटा, दोन्हीकडे काढलेल्या गव्हाची रानं. हा रस्ता मी जन्मभर विसरणार नाही. एमआयडीसीच्या सरळ रस्त्यावर शिकलेलं इथं निम्मंच उपयोगी. बाकीचं हँडल शिकवतं. एका वळणाला मागचं चाक घसरलं, पाय टेकला, सावरली. आबा म्हणाले, "हळू." रागाने नाही. बैलाला म्हणतात तसं.

आंबेठाणला आबांची मावसबहीण. वेशीजवळ मी आपणहून थांबवली. आबा उतरले नाहीत. म्हणाले, "ऊन लई झालंय, आत घे." ऊन कुठलं, नऊसुद्धा वाजले नव्हते. मी मारुतीच्या पाराला वळसा घालून दारात नेली. म्हातारीने आधी माझी दृष्ट काढली आणि मग अक्षता घेतल्या.

पुढे भामेचं पात्र. पाणी घोट्याएवढं, पण वाळू. मधोमध चाक रुतलं. मी म्हटलं, आबा तुम्ही तीरावर थांबा, मी बघते. तर धोतर खोचून मागे आले आणि म्हणाले, "तू नुसती मूठ पिळ, मी रेटतो." मी मूठ पिळली. गाडी निघाली आणि मागच्या चाकाने सगळी ओली वाळू त्यांच्या अंगावर. धुतलेला फेटा, मिशा, सगळं. मला वाटलं, संपलं. वळून बघते तर पात्रात उभे राहून पोट धरून हसत होते. या घरात येऊन सहा वर्षं झाली, आबांचे सगळे दात आज पहिल्यांदा दिसले.

पाईट. मामांचं घर वरच्या आळीला. आबा म्हणाले, "पार दारापातुर ने. मोठ्यानं ने."

मामा ओट्यावर सुतळी वळत होते. बारीक, उंच, आत्याबाईंचंच नाक. बघितलं आणि तोंड गोठ्याकडे फिरवलं. मामी पाणी घेऊन आल्या ते दारातच थबकल्या. आबांनी अक्षता पुढे केल्या. मामांचे हात सुतळीतच. गोठ्याकडे बघतच म्हणाले, "तुमच्याकडं साह्यब आधी असतो. त्याला उभा करा पोरीच्या मागं."

आबा तापट आहेत, वाटलं आता वळून चालू लागतील. पण ते तिथंच खाली पायरीवर बसले. पायरीवर, सोयऱ्याच्या. म्हणाले, "चुकलं आमचं, खंडू. सुनंच्या मागं बसून आलोय तुझ्या दारात. अजून काय पायजे?"

आबांच्या तोंडून चुकलं हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. आणि सुनेच्या मागे बसल्याचं त्यांनी असं सांगितलं की त्यात लाज नव्हती. जवळचं होतं नव्हतं ते पुढे ठेवत होते. मी पदर कपाळावर ओढून घेतला.

मामांनी तेव्हा प्रथम आमच्याकडे नीट बघितलं. फेट्यावरच्या वाळूकडे, मग गाडीकडे, मग माझ्याकडे. विचारलं, "ही कोण?"

आबा म्हणाले, हिच्याच लग्नातनं तू उठून गेलास.

मग मी बोलले. सासऱ्यादेखत, परक्या अंगणात. "मामा, माझ्या लग्नात तुम्ही उपाशी गेलात. माझ्या नणंदेच्या लग्नात जेवून जा."

मामा सुतळी वळत राहिले. शेवटी म्हणाले, "ठेवा तितं." आबांनी पत्रिका आणि अक्षता ओट्यावर ठेवल्या. आम्ही पाणी पिऊन उठलो. येतो म्हणाले नाहीत, येत नाही असंही नाही. वळणावर आरशात बघितलं तर मामा ओट्यावर वाकले होते. अक्षता उचलत होते की कोंबड्या हाकलत होते, कळलं नाही.

येताना कडूसवरून खेडला आलो. त्या रस्त्याला आबा एकसारखे बोलत होते. कुठल्या ओढ्याला पोहले, कुठल्या बैलाने शर्यत मारली. निम्मं वाऱ्यात गेलं. खेडच्या स्टँडसमोर हॉटेलात आबांनी मला समोरच्या बाकावर बसवलं, दोन मिसळ सांगितल्या. सासरा-सून एका टेबलाला. मालक टकमक बघायला लागला तर आबांनीच सुरू केलं, ही सून माझी, पाईटाला नेऊन आणलंय हिनं मला, भामा वलांडून. मालकाने विचारलंही नव्हतं.

रहाटणीत शिरताना मी सवयीने हळू केली. आबांनी शेव तोंडावर घेतला नाही. चावडीपुढून जाताना म्हणाले, "हारन वाजीव."

आत्याबाई दारातच. आबांनी मान हलवली, ना हो ना नाही. त्या आत गेल्या. त्यांच्यासाठी वाईट वाटतंय. पण खोटं कशाला लिहू, मला आजच्या दिवसाचा फार अभिमान वाटतोय.

शुक्रवार, २० एप्रिल

हात वर होत नाहीत. पाणी शैलाने भरलं. दळायला गेले तर गिरणीवाला म्हणतो, वहिनी, दळण गाडीवर न्यायचं का. अर्ध्या बायका हसतात, अर्ध्या हळूच विचारतात क्लच म्हणजे काय. ह्यांना वाटतं सगळं श्रेय शिकवणाऱ्याचं. घ्या म्हटलं.

मंगळवार, २४ एप्रिल

पाईटहून काही निरोप नाही. मांडव घालून झाला. चुलत सासरे म्हणाले, मामा म्हणून मी उभा राहतो, त्यात काय. आत्याबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आबांनी लाउडस्पीकरवाल्याला सांगितलंय, पहिला फेटा मामाचा. मामा नसला तर कुणालाच फेटा नाही, कंपनीतलं कुणी येवो.

रात्री आत्याबाई तांदूळ निवडताना मला म्हणाल्या, वळणावर गाडीच्या आरशात नीट बघायचं होतंस.

शनिवार, २८ एप्रिल

घाईत. आज हळद. दूधवाला आत्ता सांगून गेला की चाकणच्या स्टँडवर चहाच्या टपरीपाशी एक उंच म्हातारे सकाळपासून बसलेत. काखेत नवा फेटा, कोरा. रहाटणीचं घर विचारलं, पण एस.टी.त चढेनात. म्हणे, न्यायला कुणी आलं तर जाईन. नाव सांगितलं नाही. ते मामाच कशावरून? आणि अजून तिथंच असतील कशावरून?

मांडवात चुलत्यांची जीप उभीच होती, ते आपणहून किल्ली पुढे करत होते. आबांनी घेतली नाही. सगळ्या भावकीदेखत मला हाक मारली, "सूनबाई, गाडी काढ."

मी हळदीचे हात धुऊन आले तर आत्याबाई अंगणात. म्हणाल्या, जाताना मी बसते, येताना तो बसंल, मी एस.टी.नं येते. नवरीची आई हळदीच्या दिवशी कुठं निघाली, असं बायका म्हणाल्या. त्या म्हणाल्या, "माझ्या भावाला बघायला."

हे डाव्या हाताने टाकीत पेट्रोल ओतताहेत, तेवढ्यात हे चार शब्द लिहिले. हिरवं नऊवारी नेसलेय, आज कासोटा माझा मीच घातला. मध्ये ठेवायला पिशवी शोधत होते, आत्याबाई म्हणतात पिशवी कशाला, मी तुलाच धरणार. दोन्हीकडे पाय टाकून मागे बसल्यात आणि तिथूनच मला हाका मारताहेत.