कानडीतलं ‘सरी’

उल्हास,

काल टीव्हीवर जकार्तातली जळती दुकानं बघून मी म्हटलं, तिकीट रद्द कर. तू कानडीत ‘सरी’ म्हणालास. मी वेडी, होकार समजून शांत झोपले. आज ट्रॅव्हल एजंटचा फोन, उद्याचं तिकीट पक्कं आहे म्हणून! म्हणजे दारावरच्या विक्रेत्याला कटवताना म्हणतोस, तसलं ‘सरी’ होतं ते. तुझ्या साहेबाला एवढी घाई असेल तर त्यानेच जावं ना!

मी ताईकडे जे. पी. नगरला चाललेय. आमटी-भात झाकून ठेवलाय. पासपोर्ट लपवलेला नाही, टेबलावरच आहे.

जाणारच असशील तर या चिठ्ठीखाली मराठीत, सरळ ‘जातो’ असं लिही. ‘येतो’ लिहू नकोस. ते तुझ्या हातात नाही.

कस्तुरी