पाठ असलेला एकच नंबर

९ मार्च

उद्या विमान. फक्त जाण्याचं तिकीट! मुलगा म्हणतो, "आता पुरे झालं, दोघी इकडेच या कायमच्या." घराला कुलूप, किल्ली शेजारणीकडे, पुढच्या महिन्यात घर विकायचं. सासूबाई चौऱ्याऐंशीच्या, त्यांना सांभाळणं मला एकटीला झेपणार नाही म्हणे. हे गेले तेव्हापासून कोण कोणाला सांभाळतंय, ते त्याला कुणी सांगायचं?

चष्मेवाल्याला उत्तर दिलेलं नाही. समोरच्या दुकानातला. त्याची बायको जाऊनही बरीच वर्षं झाली. परवा काचा पुसता पुसता त्याने सरळ विचारलं, "लग्न करू या का आपण?" या वयात! मी फिस्सकन हसले आणि चक्क पळ काढला. सासूबाईंना मुलाच्या दारात सोडून मी बोहल्यावर चढू? शक्यच नाही. विषय संपला.

संपला म्हणते आणि अख्खा परिच्छेद त्याच्यावर!

१० मार्च

जिवंत आहोत! दोघी! सगळेच!

अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. वही स्वेटरच्या खिशात होती म्हणून वाचली, बाकी सगळं विमानात.

अर्धी वाट झाली असेल. पायलटचा आवाज आला — चाकांच्या यंत्रणेत बिघाड आहे, जवळच्या विमानतळावर उतरतोय. आवाज असा शांत, जणू दूध संपलंय म्हणून सांगतोय. सासूबाई म्हणाल्या, "उतरतोय ना? मग झालं तर." आणि डोळे मिटून घेतले. माझा हात मात्र घट्ट धरून ठेवला होता.

उतरलो ते दणका देऊनच. विमान थांबलं आणि चाकांकडून धूर! हवाईसुंदरी एवढीशी, पण आवाज हवालदाराचा — "सामान सोडा! इकडे या! उडी मारा!" दाराबाहेर ती फुगवलेली घसरगुंडी. आणि आम्ही दोघी दारात काय करत होतो? "आधी तुम्ही, आई." "नाही गं, तू हो पुढे." "असं कसं, तुम्ही मोठ्या." मागे माणसं खोळंबलेली, खाली धूर, आणि आमचा मानपान चाललाय! शेवटी त्या पोरीने दोघींना एकदमच ढकललं.

खाली पोचलो ते एकमेकींच्या अंगावर. सासूबाईंचा एक बूट गायब, केस विस्कटलेले. वर बघत म्हणाल्या, "लहानपणी आम्हाला हे कुणी का नाही दिलं?" मी हसायला लागले, ते थांबेचना. हसता हसता रडले. एका गृहस्थांचा पाय मुरगळला, बाकी कुणाला ओरखडासुद्धा नाही.

मग ते फोनचं झालं. अग्निशामक दलाच्या एका माणसाने आपला फोन पुढे केला, "घरी कळवा." मुलाचा नंबर आठवेना! त्याचा फोटो दाबला की फोन लागतो, नंबर कुणी पाठ करतं? बोटं मात्र आपोआप चालली. पलीकडून, "हॅलो, चष्म्याचं दुकान."

मी म्हटलं, "मी बोलतेय. आम्ही सुखरूप आहोत. शेजारणीकडून मुलाचा नंबर घ्या आणि त्याला कळवा." पलीकडे काहीतरी खळ्ळकन पडलं. मग, "अहो, पण तुम्ही बऱ्या आहात ना?"

सासूबाई शेजारीच उभ्या. सगळं ऐकलं.

११ मार्च

हॉटेल. कंपनीने सगळ्यांना रबरी चपला वाटल्या, एकाच मापाच्या! जेवायला जाताना सगळे प्रवासी फटक फटक. मोठ्या हुद्द्याचा तो सुटाबुटातला माणूसही फटक फटक. काल एकमेकांच्या कोपराला कोपर लागला तर कपाळाला आठ्या पडत होत्या. आज ताटातलं वाटून खातायत.

मुलाचा फोन आला हॉटेलवर. आधी रडला, मग रागावला, मग एकदम, "आई, तो चष्मेवाला कोण? मला धीर द्यायला फोन केला आणि स्वतःच रडत होता!"

मी म्हटलं, "शेजारधर्म."

रिसीव्हर ठेवते तर सासूबाई माझ्याकडेच बघतायत. विचारायच्या आधीच मी म्हटलं, "स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याची पाटी दिसते ना, भांडी घासता घासता झाला नंबर पाठ."

"त्या खिडकीत मीही उभी असते," त्या म्हणाल्या. "मला नाही झाला."

आणि पत्ते खेळायला निघून गेल्या! फटक फटक. रागावल्या की काय? मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

१२ मार्च

सामान मिळालं. फोनवर चष्मेवाल्याचे कितीतरी फोन येऊन गेलेले. मी केला. विचारलं, दुकान कसं चाललंय? "उघडलंच नाही," म्हणाला. मग, "उत्तराची घाई नाही. तुम्ही आहात, एवढं पुरे."

खरं लिहायचं तर — परवा धुरात उभी असताना मला कुणाला कळवायचं नव्हतंच. मला त्याचा आवाज ऐकायचा होता. मला तो हवाय. लिहून टाकलं!

पण सासूबाई? मुलगा जीव लावेल, पण दिवसभर कामावर. परक्या गावात, बंद घरात, गप्पा मारायला भिंती. ज्या बाईने माझ्या दुःखात मला घास भरवला, तिला तिथे ठेवून मी इकडे संसार मांडू? होत नाही. त्या आज दिवसभर पत्त्यांत. जिंकतायत. माझ्याशी फक्त "मीठ दे" एवढंच.

१३ मार्च

कंपनीच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली, "तुमची इच्छा. पुढे जायचं की परत?" मी तोंड उघडलं, "पुढे" म्हणायलाच. सासूबाईंनी मला कोपराने बाजूला केलं.

"परत," म्हणाल्या. "दोन तिकिटं." मग माझ्याकडे वळून, "आणि तू गं, नातवाला कळव — आईच्या लग्नाला यायचं तिकीट त्याचं त्याने काढावं."